वाचकांचे प्रश्न : बागेतील लाकडी शेड

बागेच्या कोपऱ्यात अवजारे, कुंड्या आणि गवत कापण्याचे यंत्र ठेवण्यासाठी लाकडी सांगाड्याची छोटी शेड स्वतः उभारू इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात लाकूड किती जाड घ्यावे याची चिंता आहे. पावसाचे पाणी लाकडावरून कसे निघून जाईल, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. माझ्या मते महत्त्वाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. एवढ्या लहान बांधकामात लाकूड भाराखाली मोडण्याची वेळ सहसा येत नाही; ते ओले राहून कुजते किंवा सांधे सैल पडून डुलू लागते.

प्रश्न : मला १.८ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब शेड बांधायची आहे. चारही कोपऱ्यांत जाड खांब दोन फूट खोल पुरून त्यांच्याभोवती काँक्रीट ओतावे, म्हणजे शेड अजिबात हलणार नाही, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : खांब पुरल्याने शेड सुरुवातीला घट्ट उभी राहील यात शंका नाही, परंतु तिचे आयुष्य त्या पुरलेल्या भागाच्या आयुष्याएवढेच उरेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा ही दोन्ही एकाच जागी लागतात. जमिनीत खोलवर ओलावा असतो पण हवा कमी असते, जमिनीच्या वर हवा भरपूर असते पण ओलावा टिकत नाही; पृष्ठभागालगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात आणि पुरलेला खांब बहुधा तिथेच कुजतो. लाकडातील पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिले, तर बुरशीला जम बसवता येत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास जाऊन तिथेच रेंगाळले, तर तिला हवे ते सारे मिळते. म्हणजेच एखाद्या सरीने लाकूड भिजणे हा धोका नव्हे, भिजल्यावर त्याला वाळायला वाव न मिळणे हा धोका आहे.

काँक्रीटमुळे लाकूड ओलाव्यापासून सुरक्षित राहते, हा समज फार रूढ असला तरी चुकीचा आहे. खांब वाळताना किंचित आकसतो, लाकूड आणि काँक्रीट यांच्यात बारीक फट पडते, खांबावरून ओघळणारे पाणी तिच्यात उतरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने आतच साचून राहते. नुसत्या मातीतून निदान काही पाणी झिरपून जाते. काँक्रीटमध्ये तेही होत नाही.

हा अनुभव फार जुना आहे. नॉर्वेमधील सुरुवातीच्या लाकडी चर्चचे खांब थेट जमिनीत रोवलेले असत आणि ते तळाशी कुजत गेले. पुढच्या कारागिरांनी दगडी पायावर आडव्या तुळया मांडून त्यांवर खांब उभे करण्याची रीत स्वीकारली. बोरगुंड येथील चर्च सुमारे ११८० मध्ये या रीतीने बांधले गेले आणि ते आजही उभे आहे. त्याच्या छपराची आणि डांबराच्या लेपाची निगा अर्थातच राखली गेली; पण तळाचे लाकूड मातीपासून सुटे झाले नसते, तर ती निगाही पुरी पडली नसती.

आपल्या आकारासाठी चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक, असे काँक्रीटचे सहा ठोकळे पुरेसे होतात. वरची मऊ माती काढून घट्ट थर लागेपर्यंत खोदावे, तळाशी खडी ठोकून बसवावी आणि ठोकळ्याचा माथा भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिमी, शक्यतो २०० मिमी वर ठेवावा. हिवाळ्यात जमीन गोठत असेल, तर पाया गोठणाऱ्या थराच्या खालपर्यंत न्यावा लागतो. काँक्रीट ओले असतानाच त्यात जस्ताचा मुलामा दिलेला १२ मिमी जाडीचा बोल्ट उभा रोवावा, म्हणजे तळाची तुळई त्यावर बसवून नटाने आवळता येते. काँक्रीट जमिनीतील ओलावा वर शोषून घेते; म्हणून ठोकळा आणि तुळई यांच्यामध्ये डांबरी फेल्टचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा विसरू नये.

वाळवीचा उपद्रव असेल, तर ठोकळ्याच्या माथ्यावर चारी बाजूंनी थोडी बाहेर येणारी आणि कडा खाली वाकवलेली पत्र्याची टोपी बसवावी. ही टोपी वाळवीला मारत नाही किंवा पूर्णपणे अडवतही नाही. तिच्यामुळे वाळवीला आपली मातीची नळी पत्र्याला वळसा घालून उघड्यावर बांधावी लागते आणि ती आपल्या नजरेस पडते. मात्र त्यासाठी अधूनमधून टॉर्च घेऊन शेडखाली पाहिले पाहिजे, आणि तिथे लाकडाचे तुकडे किंवा पालापाचोळा साठू देता कामा नये.

प्रश्न : आखणी करताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, लावून पाहिला होता. तरीही तळाची चौकट तिरकी निघाली. असे कसे झाले?

उत्तर : ३०० मिमी लांबीच्या गुण्यावर एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण तोच फरक २.४ मीटरच्या बाजूच्या टोकाला ८ मिमी होतो. जमिनीवरील आखणीसाठी गुण्याऐवजी दोरी आणि टेप वापरावी. ज्या त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ या प्रमाणात असतात, त्याचा एक कोन काटकोन असतोच. वर विचारलेल्या १.८ बाय २.४ मीटरच्या शेडचा कर्ण या हिशेबाने बरोबर ३ मीटर येतो. नवशिक्याला हा आकार सुचवावासा वाटतो, याचे हेही एक कारण आहे. आकार कोणताही असला तरी समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे असतील, तर चौकट काटकोनात आहे असे निर्धास्तपणे समजावे.

समपातळीसाठी लहान पाणसळीपेक्षा पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी अधिक भरवशाची आहे. तिच्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नाही एवढे पाहावे.

प्रश्न : आमच्या शेडचे कोपऱ्याचे खांब १०० मिमी चौरस आहेत, तरीही दार जोरात लावले की सगळी शेड हलते. खांब आणखी जाड घ्यायला हवे होते का?

उत्तर : खांबांची जाडी दुप्पट केली असती तरी शेड हललीच असती, कारण दोष खांबांत नसून भिंतीच्या आकारात आहे. चार लाकडांचा आयत कोपऱ्यांतील खिळ्यांच्या भरवशावर काटकोन टिकवू शकत नाही; थोडा रेटा मिळाला की त्याचा तिरका चौकोन होतो. त्रिकोणाचे तसे नाही. त्याच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही, आणि म्हणून सांगाड्यातील प्रत्येक भिंतीत कुठे ना कुठे त्रिकोण निर्माण करावा लागतो.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग तिरप्या पट्टीचा आहे. तळाच्या आडव्या लाकडापासून (तळपट्टी) माथ्याच्या आडव्या लाकडापर्यंत (माथापट्टी) साधारण ४५ अंशांत जाणारी पट्टी उभ्या लाकडांत खाच पाडून बसवावी आणि प्रत्येक छेदावर पक्की करावी. अशी पट्टी दाब चांगला सोसते, पण ताण आला की तिच्या टोकाचे खिळे उपटू लागतात. म्हणून शक्य असेल तिथे एकाच भिंतीत परस्परविरुद्ध दिशांना झुकलेल्या दोन पट्ट्या द्याव्यात, म्हणजे वारा कोणत्याही बाजूने आला तरी त्यांपैकी एक दाबात काम करते. दुसरा मार्ग म्हणजे सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला ९ ते १२ मिमी जाडीचा, बाहेरच्या वापरासाठी बनवलेला प्लायवूड ठोकणे. त्याच्या कडांना दर १५० मिमीवर आणि मधल्या उभ्या लाकडांवर दर ३०० मिमीवर खिळा द्यावा. कडेचे खिळेच खरे काम करत असल्याने तिथे काटकसर करू नये. आपली शेड उभीच आहे, तर आतल्या बाजूने तिरप्या पट्ट्या मारणे हा सर्वांत सोपा उपाय ठरेल. मात्र त्याआधी प्रत्येक भिंतीचे कर्ण मोजून ती सरळ करून घ्यावी, नाहीतर तिचा तिरकेपणाच कायमचा पक्का होईल.

नव्याने बांधणाऱ्यांनी चार जाड खांबांपेक्षा ५० बाय ७५ मिमी किंवा ५० बाय १०० मिमीची उभी लाकडे दर ४०० किंवा ६०० मिमीवर उभी करावीत, असे मी सुचवेन. भार अनेक लाकडांत वाटला जातो, बाहेरच्या फळ्यांना जागोजागी आधार मिळतो आणि एका माणसाला उचलता येतील एवढ्याच वजनाचे भाग हाताळावे लागतात. भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा ठेवून जोडावा, कर्ण तपासावेत आणि मगच तो उभा करावा; तो उभा करताना मात्र दुसरे माणूस हवेच.

खिळ्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. लाकडाच्या टोकातून, म्हणजे तंतूंच्या दिशेने आत गेलेला खिळा सहज उपटला जातो, तर तंतूंना आडवा गेलेला खिळा घट्ट धरून राहतो. त्यामुळे उभे लाकूड तळपट्टीला जोडताना दोन्ही बाजूंनी तिरके खिळे मारावेत किंवा लोखंडी कोनपट्टी लावावी. ज्या लाकडाला धरून ठेवायचे आहे, त्याच्या जाडीच्या अडीच ते तीन पट लांबीचा खिळा, हा ढोबळ हिशेब बहुतेक जागी उपयोगी पडतो.

प्रश्न : ताजे कापलेले लाकूड स्वस्त मिळते आहे. ते वापरून वरून रंग दिला तर चालेल का? की बुरशी आणि कीड रोखणारे औषध दाबून भरलेले लाकूडच घ्यावे?

उत्तर : ताजे लाकूड सांगाड्यात घातले तर ते तिथेच वाळेल, आकसेल, पिळेल आणि सांधे उघडे पाडेल, वरून रंग दिल्यास आतले पाणी कोंडून राहील. हवेवर वाळवण्याचा जुना ठोकताळा दर २५ मिमी जाडीला एक वर्ष असा आहे. हवामान आणि लाकडाची जात यांप्रमाणे हा काळ कमी-अधिक होतो. लाकूड जमिनीपासून उचलून, थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचावे, आणि त्या पट्ट्या एकीवर एक नेमक्या रेषेत याव्यात. त्या मागेपुढे झाल्या तर लाकूड वाळता वाळता वाकते. वर छप्पर हवे, बाजू मोकळ्या हव्यात. लाकूड वाळले की नाही हे पाहायचे असेल, तर त्यातील एक तुकडा दर आठवड्याला तोलावा. त्याचे वजन घटायचे थांबले की तो तिथल्या हवेशी जुळला, असे समजावे.

टिकाऊपणाच्या बाबतीत झाडाच्या नावापेक्षा गाभ्याचे लाकूड आणि सालीलगतचे फिकट लाकूड यांतील फरक ओळखणे अधिक मोलाचे आहे. सागासारख्या लाकडाचा गाभा बुरशीला आणि वाळवीला दीर्घकाळ दाद देत नाही, पण सालीलगतचे लाकूड कोणत्याही झाडाचे असले तरी टिकाऊ धरले जात नाही. म्हणून तळाच्या तुळया आणि तळपट्टी यांसाठी गाभ्याचे किंवा औषध भरलेले लाकूड घ्यावे; छपराखाली कोरडे राहणारे वासे आणि उभी लाकडे साध्या, चांगल्या वाळलेल्या लाकडाची असली तरी चालतात.

औषध भरलेल्या लाकडाच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. औषध बहुधा गाभ्यापर्यंत पोहोचलेले नसते. त्यामुळे कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि पाडलेल्या प्रत्येक छिद्राला ते पुन्हा लावावे. लाकडाचे टोक म्हणजे बारीक नळ्यांची उघडी जुडीच असते, आणि बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने ते पाणी ओढून घेते. तांबेयुक्त औषधांमुळे साधे लोखंड लवकर गंजते, तेव्हा खिळे आणि बोल्ट गरम जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. आणि अशा लाकडाचे उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत. धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

प्रश्न : बाहेरून लावलेल्या रुंद फळ्या एका वर्षात मधोमध चिरल्या आणि काही पन्हळीसारख्या वळल्या. प्रत्येक फळी दोन्ही कडांना पक्की ठोकली होती. मग असे का झाले?

उत्तर : दोन्ही कडांना पक्की ठोकली, हेच चिरण्याचे कारण आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ते हवेतील ओलाव्याप्रमाणे सतत फुगत आणि आकसत असते. १५० मिमी रुंदीची फळी ओल्या आणि कोरड्या ऋतूंमध्ये तीन-चार मिलिमीटरनी कमी-जास्त होऊ शकते. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या असतील, तर आकसताना तिला मध्ये फाटण्यावाचून मार्ग उरत नाही. उभ्या फळ्या लावताना प्रत्येक फळीला प्रत्येक आडव्या आधारावर मध्यभागी एकच खिळा द्यावा, दोन फळ्यांमध्ये थोडी फट सोडावी आणि फट झाकणाऱ्या पट्टीचा खिळा त्या फटीतून थेट मागच्या आधारात जाऊ द्यावा, फळीत नव्हे. आडव्या फळ्या एकमेकींवर चढवून लावायच्या असतील, तर २५ मिमी किंवा अधिक चढाव ठेवावा आणि वरच्या फळीचा खिळा खालच्या फळीच्या कडेच्या किंचित वरून न्यावा, म्हणजे एका खिळ्यात दोन फळ्या अडकत नाहीत.

वळण्याची कारणे दोन आहेत. फळीच्या टोकावर दिसणारी वाढीची वर्तुळे वाळताना सरळ होऊ पाहतात, त्यामुळे जिच्या टोकावर ही वर्तुळे आडवी पसरलेली दिसतात ती फळी अधिक वळते. दुसरे कारण म्हणजे फक्त बाहेरच्या अंगाला रंग दिलेली फळी मागच्या अंगाने ओलावा घेते आणि एकाच बाजूने फुगते. यावर अरुंद फळ्या घेणे, लावण्यापूर्वीच दोन्ही अंगांना आणि टोकांना लेप देणे, आणि फळ्यांच्या मागे २५ मिमीची हवेशीर पोकळी सोडणे हे उपाय आहेत. फळ्यांचे खालचे टोक जमिनीपासून किमान १५० मिमी वर असावे, आणि भिंतीच्या कडेने खडीचा पट्टा घालावा. कठीण जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे भिंतीचा खालचा भाग पावसापेक्षाही अधिक भिजवतात.

प्रश्न : छपराला पत्रा लावणार आहे. एका बाजूला उतार पुरेसा आहे का? पत्रा हलका असल्याने वाऱ्याची भीती वाटते, आणि पहाटे पत्र्यातून पाणी ठिबकते असेही ऐकले आहे.

उत्तर : एका बाजूचा उतार या आकाराला पुरेसा आहे. १.८ मीटर रुंदीत ३०० मिमीचा फरक ठेवला की सहास एक असा उतार मिळतो. उताराच्या दिशेने पत्रा एकसंध घ्यावा, म्हणजे मध्ये जोड राहत नाही. छप्पर चारही बाजूंना ३०० मिमी बाहेर काढावे. शेडच्या आयुष्याच्या दृष्टीने ही लांब वळचण मला कोणत्याही महागड्या लेपापेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे भिंतींचा बराचसा भाग मुळात भिजतच नाही.

वाऱ्याची भीती मात्र अगदी योग्य आहे आणि ती गांभीर्यानेच घ्यावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १४४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला जवळपास १०० किलो वजनाएवढा भरतो, आणि कमी उताराच्या छपरावर तो खाली दाबण्याऐवजी वर ओढण्याचे काम करतो. वळचणीसह आपले छप्पर सुमारे ७.२ चौरस मीटरचे होईल, म्हणजे वादळात त्याला शेकडो किलोंची ओढ सोसावी लागेल. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र दर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपासच असते. म्हणून छपरापासून पायापर्यंत जोडणीची साखळी अखंड हवी : पत्रा आडव्या रिपांना रबरी वायसरच्या स्क्रूने, रिपा वाशांना, वासे माथापट्टीला लोखंडी पट्टीने, उभी लाकडे तळपट्टीला, आणि तळपट्टी तुळईतून पायातील बोल्टला. यातला एक दुवा नुसत्या तिरक्या खिळ्यावर सोडला, तर बाकीच्यांची मजबुती वाया जाते. कडांच्या आणि कोपऱ्यांच्या भागांत ओढ सर्वांत जास्त असते, तिथे स्क्रू जवळजवळ द्यावेत. वासा माथापट्टीवर बसवण्यासाठी पाडलेली खाच वाशाच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा खोल करू नये.

ठिबकण्याचे म्हणाल, तर ते गळके पाणी नसते. निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतल्या दमट हवेतील बाष्प त्याच्या खालच्या अंगावर जमते. वाशांवर आधी प्लायवूड आणि फेल्ट घालून मग रिपा व पत्रा लावला, तर हे पाणी अवजारांवर न पडता फेल्टवरून वळचणीकडे निघून जाते. जोडीला समोरासमोरच्या भिंतींत वरच्या बाजूला जाळी लावलेले झरोके ठेवावेत. ओली अवजारे आणि ओले गवत आत नेऊन दार बंद केल्यास तो दमटपणा घालवायला दुसरा मार्ग नसतो.

प्रश्न : फळ्यांचे दार काही महिन्यांतच बिजागरीच्या विरुद्ध बाजूने खाली आले आणि जमिनीला घासू लागले. दाराच्या मागे तिरपी पट्टीसुद्धा मारलेली आहे.

उत्तर : पट्टीची दिशा पाहावी, बहुधा ती उलटी लागली आहे. लाकडी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे चढत गेली पाहिजे. अशा रीतीने दाराच्या मोकळ्या बाजूचे वजन पट्टीतून दाबाच्या रूपाने खालच्या बिजागरीवर येते, आणि दाब सोसणे हे लाकडाच्या जोडाला सोपे असते. पट्टीची टोके वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडांत छोटी खाच पाडून घट्ट टेकवावीत, नुसती वर ठोकू नयेत. तारेचा किंवा लोखंडी सळईचा ताण वापरायचा असेल, तर दिशा याच्या उलट, म्हणजे वरच्या बिजागरीपासून मोकळ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे असते. दुरुस्त करताना दार काढून सपाट जागी ठेवावे, दोन्ही कर्ण सारखे करून घ्यावेत आणि मग पट्टी बसवावी. परत लावताना खाली १० ते १५ मिमीची मोकळी जागा ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात फुगलेले दारही अडत नाही.